पावसाळ्यानंतर जेट स्की सुरू करताना स्टार्टचं बटण सगळ्यात शेवटी

तुमच्या प्रश्नातल्या दोन मशिन : एक यामाहा व्हीएक्स, बटण दाबलं की नुसता ‘टक’ आवाज. दुसरी सी-डू, मे महिन्यातच आरपीएम चढायचे पण मशिन ओढत नव्हती. दोन्ही पावसाळ्यातल्या जलक्रीडा-बंदीच्या काळात, म्हणजे २६ मे ते ३१ ऑगस्ट, किनाऱ्यालगतच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. आता बॅटरी चार्ज करून थेट खाडीत उतरवायच्या का, असं तुम्ही विचारलंय.

उतरवू नका. आणि यामाहाचं बटण आज पुन्हा दाबू नका.

त्या ‘टक’मागे बॅटरी असेलच असं नाही. सिलिंडरमध्ये पाणी असलं तरी हाच आवाज येतो. हंगामाच्या शेवटी मशिन उलटली असेल, किंवा धुताना इंजिन बंद केल्यावरही नळी चालू राहिली असेल, तर पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरपर्यंत पोचतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन अडतो. अशा वेळी ताजी चार्ज केलेली बॅटरी लावून जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून बॅटरीच्या आधी स्पार्क प्लग.

सीट काढा आणि इंजिनचा भाग दहा-पंधरा मिनिटं उघडा राहू द्या, आत साठलेली पेट्रोलची वाफ निघून जाऊ दे. कॉइल काढा, प्लगच्या खळग्यातली रेती आणि मिठाची पूड हवेने उडवा, मगच प्लग सोडवा. उलटं केलंत तर ती रेती सिलिंडरमध्ये पडते. प्लग कोरडे आणि करडे-तपकिरी असतील तर चांगलं. गंज किंवा पाण्याचे थेंब दिसले तर प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडून तासभर थांबा. मग भोकांवर फडकं टाकून, कॉइलची कनेक्टर सुटी ठेवून, दोन-दोन सेकंद क्रँक करा, म्हणजे स्टार्टरने इंजिन नुसतं फिरवा. सी-डूमध्ये थ्रॉटल पूर्ण दाबून धरून स्टार्ट दिला की पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही तुटतात, त्याचा इथे उपयोग होतो. फडक्यावर पाणी आलं तर ते यायचं थांबेपर्यंत हेच चालू ठेवा.

त्याआधी डिपस्टिक मात्र बघून घ्या. ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय. त्या ऑइलवर इंजिन चालवायचं नाही. डिपस्टिकच्या भोकातून सक्शन पंपाने सगळं ओढून घ्या, फिल्टर बदला, नवं भरा, थोडं चालवून पुन्हा बदला. रंग ठीक असला तरी मागच्या हंगामाचं ऑइल मेमध्ये बदललं नसेल तर आता बदलाच. किती लिटर आणि कोणत्या ग्रेडचं, हे तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या. शेजारच्या मशिनवरून अंदाज करू नका, कारण जास्त भरलेलं ऑइल ब्रीदरमधून (इंजिनची वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर बॉक्समध्ये, म्हणजे इंजिन हवा ओढतं त्या डब्यात जातं.

आता बॅटरी. चार्जर काढून काही तास झाल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसायला हवेत. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, आणि १२ च्या खाली बरेच आठवडे पडून राहिलेली एजीएम (सीलबंद) बॅटरी सहसा वाचत नाही. चार्जिंग सुमारे २ अँपिअरने, बॅटरी मशिनबाहेर काढून. गॅरेजमधला ट्रकचा मोठा चार्जर लावला तर सीलबंद बॅटरी फुगते. बसवताना आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. प्लग बाहेर असताना इंजिन मोकळं फिरलं तर ‘टक’चं कारण एक तर पाणी होतं, नाहीतर कमजोर बॅटरी. प्लग काढूनही नुसतं ‘टक’ येत असेल तर मल्टिमीटर लावून बटण दाबा. व्होल्टेज ९.६ च्याही खाली कोसळलं तर बॅटरी गेली किंवा इंजिन जाम आहे. १२ च्या वरच राहिलं तर दोष रिले, स्टार्टर किंवा अर्थच्या वायरमध्ये आहे. आपल्या किनाऱ्यावर अर्थचं टर्मिनल वरून चकचकीत दिसतं आणि आत हिरवं पडलेलं असतं. ते सोडवून घासा, घट्ट करा आणि मग वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारं, ओलावा अडवणारं ग्रीस) लावा.

पेट्रोलकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि सप्टेंबरमधल्या निम्म्या तक्रारींचं मूळ माझ्या मते तिथेच असतं. या मशिनच्या पुस्तकांत साधारणपणे १० टक्के इथेनॉलपर्यंत परवानगी असते. पंपावर आता २० टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला तोटा नाही. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. इंधनपंप तळातूनच ओढतो, त्यामुळे इंजेक्टरला पहिला घोट त्याचाच मिळतो. टाकीच्या तळातून अर्धा लिटर काचेच्या बरणीत काढा आणि अर्धा तास स्थिर ठेवा. दोन थर दिसले, किंवा वार्निशसारखा वास आला, तर टाकी पूर्ण रिकामी करा. जुन्यात नवं मिसळून ते सुधारत नाही. पुढच्या मे महिन्यात स्टॅबिलायझर टाकून पाच-दहा मिनिटं चालवा, म्हणजे तो इंजेक्टरपर्यंत पोचेल.

शेडमध्ये आणखी दोन गोष्टी घडतात : उंदीर आणि कुंभारीण माशी. उंदीर एअर बॉक्समध्ये घर करतो आणि वायरिंग कुरतडतो. कुंभारीण इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते ते बारीक भोक आणि टाकीच्या हवेची नळी मातीने लिंपून टाकते. त्या भोकात पातळ नायलॉनची दोरी घालून बघा. धार बंद असली की इंजिनला पाणी मिळतंय की नाही हे कळायची सोय राहत नाही.

सी-डूचं दुखणं जेट पंपात आहे, म्हणजे पाणी मागे फेकून मशिन पुढे ढकलणाऱ्या भागात. ट्रॉलीवर, किल स्विचची (ओढला की इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) दोरी काढून आणि बॅटरी सुटी करून, खालच्या जाळीतून टॉर्च मारा. शाफ्टवर मासेमारीच्या जाळ्याचा धागा गुंडाळलेला सापडण्याची शक्यता मोठी आहे. तो इंपेलरच्या (पाणी ढकलणाऱ्या पंख्याच्या) मुळाशी घट्ट बसतो, म्हणून ओढण्यापेक्षा कापून काढा. मग इंपेलरची पाती आणि वेअर रिंग (त्याभोवतालची कडी) यांतली फट फीलर गेजने मोजा. ०.३५ मिलिमीटरपेक्षा जास्त निघाली तर रिंग बदला. किनाऱ्यालगत रेती ओढून ही रिंग घासली जाते, मग पाणी मागे फेकलं जाण्याऐवजी फटीतून परत फिरतं आणि आरपीएम वाया जातात. सी-डूत कार्बन रिंगही बघा, म्हणजे शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील. शाफ्टजवळचा रबरी बेलो चिरलेला असेल तर तिथून हवा येते, लक्षण हेच दिसतं, आणि वर मशिनमध्ये पाणीही भरतं. जेट पंपावरचा, गंज स्वतःवर घेणारा झिंकचा तुकडा अर्धा उरला असेल तर बदला. स्टीअरिंग आणि रिव्हर्सच्या केबल हाताने पूर्ण फिरवून बघा. जिथे अडखळतील तिथे मरीन ग्रीस, जोर नको.

आता सुरू करू या. मेमध्ये सिलिंडरमध्ये फॉगिंग ऑइल (गंज रोखणारं फवाऱ्याचं ऑइल) मारलं असेल तर पहिला स्टार्ट जुन्या प्लगवरच घ्या. मिनिटभर पांढरा-निळा धूर येईल, तो जाळून झाल्यावर नवे प्लग बसवा. क्रम पक्का लक्षात ठेवा : आधी इंजिन, मग नळीचं पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. ट्रॉलीवर पाण्याशिवाय १५ सेकंदांच्या वर नाही. सी-डू नळी लावूनही दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही, कारण कार्बन रिंगला नळीचं पाणी पोचत नाही आणि ती कोरडी तापते.

पाण्यात उतरवण्यापूर्वी मागचे दोन्ही ड्रेन प्लग हाताने तपासा, ते काम दुसऱ्यावर सोपवू नका. पहिली पाच मिनिटं मशिन शांत खाडीत धक्क्याला बांधूनच चालवा, मग सीट उघडून आत पाणी आलंय का बघा. कोरडं असेल तर दहा मिनिटं अर्ध्या थ्रॉटलवर, आणि पुन्हा सीट उघडा. पूर्ण थ्रॉटल त्यानंतर. मालवणजवळच्या देवबागला खाडीच्या मुखाशी पावसाळ्यात वाळूचे पट्टे सरकतात. मेमधल्या ओळखीच्या वाटेवर विसंबू नका, ओहोटीला एकदा होडीने खोली बघून घ्या आणि खाली किमान ९० सेंटिमीटर पाणी असल्याशिवाय थ्रॉटल देऊ नका.

पर्यटक बसवण्याआधी किल स्विच ओढून इंजिन खरंच बंद पडतं का ते दोन्ही मशिनवर पाहा. शेडमध्ये टांगलेल्या लाइफ जॅकेटचे पट्टे जोराने ओढून पाहा. बुरशीने कुजलेला पट्टा बकलपाशी तुटतो. तसली जॅकेट शिवून पुन्हा वापरात आणू नका, बाद करा. यामाहाच्या व्होल्टेजचे आकडे आणि सी-डूच्या रिंगची फट इथे लिहा, म्हणजे पुढचं सांगता येईल.