चिक्कीवर कर, बेसन लाडवावर नाही

प्रश्न : ताई, मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. परवाना असलेलं व्यावसायिक स्वयंपाकघर भाड्याने घेऊन दिवाळीचा फराळ करते, शिवाय कोल्हापूरहून आणलेल्या ठुशी आणि नथी विकते. आधी सगळं एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून जायचं. आता स्वतःची वेबसाइट काढली आहे. मागणी न्यू जर्सीतून येते, तशी टेक्सस, पेनसिल्व्हेनियातूनही येते. सेल्स टॅक्स कुणाकडून घ्यायचा, किती घ्यायचा? मैत्रीण म्हणते, छोट्या धंद्याला तो लागतच नाही.

उत्तर : तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं टेक्ससच्या पार्सलापुरतं बरोबर आहे, न्यू जर्सीच्या पार्सलाला ते लागू नाही. तुमचं स्वयंपाकघर, तुमचा माल, तुम्ही स्वतः याच राज्यात आहात. त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकाला विकलेल्या पहिल्या करपात्र वस्तूपासून कर घ्यावा लागतो. किती डॉलरच्या पुढे, हा प्रश्न इथे येतच नाही. आधी राज्याकडे नोंदणी करा. ती होण्याआधी बिलात कर लावू नका.

बाजारपेठेवर विकत होतात तेव्हा कर ती कंपनीच कापून भरत होती. २०१८ नंतर बहुतेक राज्यांनी तसा कायदा केला, न्यू जर्सीत तो १ नोव्हेंबर २०१८ पासून आहे. वेबसाइट तुमची झाली, की ही जबाबदारीही तुमची.

दर सोपा आहे, राज्यभर ६.६२५ टक्के. कशावर, हे मात्र नीट समजून घ्या, कारण फराळाच्या डब्यात खरी गुंतागुंत तिथेच आहे. न्यू जर्सीत किराण्यासारख्या बहुतेक खाद्यपदार्थांवर कर नाही, पण कँडीवर आहे. साखर, गूळ किंवा मध यांत दाणे, सुकामेवा, फळं घालून केलेल्या वड्या किंवा तुकडे, ज्यात पीठ नाही आणि जे फ्रिजमध्ये ठेवावे लागत नाहीत, ते कायद्याच्या लेखी कँडी. या व्याख्येत शेंगदाण्याची चिक्की बसते, तिळाची वडी बसते, नारळाची वडीही बसते. शंकरपाळी, करंजी, बेसन लाडू यांत पीठ आहे, म्हणून ते सुटतात. चकली-शेवेचा तर प्रश्नच नाही.

आता लेबल. पीठ गव्हाचं की हरभऱ्याचं, याने फरक पडत नाही, पण घटकांच्या यादीत इंग्रजीत ‘फ्लोअर’ (flour, म्हणजे पीठ) हा शब्द असावा लागतो. नुसतं ‘बेसन’ छापलंत तर तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला त्यातून पीठ कळणार नाही. ‘चिकपी फ्लोअर’ असं स्पष्ट छापा. रव्याच्या लाडवाचं काय, हे मला विचाराल तर मी म्हणेन, राज्याच्या करविभागाला लेखी विचारा आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. कर वाचवायला लेबलावर नसलेला घटक छापू नका. ते फक्त करापुरतं राहत नाही, ते वाचून खाणारी ॲलर्जीची माणसं असतात.

ठुशी आणि नथ दोन्ही करपात्र. न्यू जर्सीत कपड्यांवर कर नाही म्हणून दागिनेही सुटतील असं पुष्कळांना वाटतं, ते चूक आहे.

पोस्टेजचंही तसंच. वस्तू करपात्र तर पाठवणावळही करपात्र. एकाच खोक्यात चकली आणि चिक्की असेल तर पाठवणावळ किमतीच्या किंवा वजनाच्या प्रमाणात विभागून बिलात दाखवा. विभागली नाहीत तर सगळ्या पाठवणावळीवर कर बसतो. बारा डॉलरच्या चिक्कीवर कर होतो ऐंशी सेंट. रक्कम किरकोळ दिसते, पण दिवाळीच्या महिन्यात ती साठते आणि बँकेत तुमच्याच पैशांत मिसळते. म्हणून माझ्या प्रत्येक अशिलाला मी वेगळं खातं काढायला लावते. तो पैसा तुमची कमाई नाही, तो राज्याचा आहे आणि तुमच्याकडे काही आठवडे ठेवायला दिलेला आहे. तो खर्च झाला आणि धंदा बुडाला, तर वसुली मालकाच्या स्वतःच्या पैशांतून होऊ शकते. रिटर्न तिमाहीचं, तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत. विक्री शून्य असली तरी ते भरायचंच.

आता टेक्सस. १९६७ आणि पुन्हा १९९२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, की ज्या राज्यात विक्रेत्याचं दुकान, गोदाम किंवा माणूस नाही, ते राज्य त्याला कर गोळा करायला लावू शकत नाही. कर गिऱ्हाइकाने आपणहून भरायचा, आणि तो फारसं कुणी भरत नसे. साउथ डकोटात राज्याचा आयकर नाही, तिथला कारभार बराचसा विक्रीकरावर चालतो. त्या राज्याने वेफेअर या फर्निचर विकणाऱ्या कंपनीला आणि आणखी दोघांना कोर्टात खेचलं. २१ जून २०१८ ला निकाल लागला, पाच विरुद्ध चार. दुकान नसलं तरी राज्यात पुरेशी विक्री असेल तर कर गोळा करावा लागेल. साउथ डकोटाने तेव्हा ती मर्यादा वर्षाला १ लाख डॉलर किंवा २०० व्यवहार अशी ठेवली होती.

मला हा निकाल योग्य वाटतो. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या काही दुकानांची हिशेबाची पुस्तकं मी पाहते. ते भाडं भरतात, माणसं ठेवतात, गिऱ्हाइकाकडून कर घेतात. त्याच ठुशीवर बाहेरून आलेल्या पार्सलाने कर चुकवावा आणि त्यांनी फक्त बघत बसावं, हा अन्याय पुष्कळ वर्षं चालला.

टेक्ससची मर्यादा ५ लाख डॉलर आहे, पेनसिल्व्हेनियाची १ लाख. तुम्ही त्याच्या जवळपास नसाल तर तिकडच्या पार्सलांवर कर लावू नका, न्यू जर्सीचाही नाही. कुठल्या राज्यात वर्षभरात किती माल गेला याची वही मात्र आजपासून ठेवा. आणि एक गोष्ट विसरू नका. फिलाडेल्फियाच्या गणेशोत्सवात एक दिवसाचा स्टॉल लावलात तरी त्या राज्यात तुम्ही प्रत्यक्ष हजर झालात. मर्यादेचा मुद्दा संपला. आधी तिथला परवाना काढा, मग टेबल मांडा. मराठी मंडळांच्या अधिवेशनांतल्या स्टॉलनाही हेच लागू, कॅलिफोर्नियात तर दोन-चार दिवसांसाठीही तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी स्टॉलचे पैसे घेताना हे सांगायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मी येवल्याहून पैठणी अमेरिकेत पाठवतो. काही माल माझ्या वेबसाइटवरून जातो, काही तिथल्या दुकानांना घाऊक. भारतात बसून मला त्यांचा राज्याचा कर लागेल का? दोन्ही देशांत करार आहे ना?

उत्तर : भाऊ, तो करार आयकरापुरता आहे, राज्यांच्या विक्रीकराला तो लागू होत नाही. परदेशातला विक्रेता म्हणून वेगळी सूटही नाही. मर्यादा ओलांडलीत तर त्या राज्यात नोंदणी करावी लागेल. अनेक राज्यांत मर्यादा मोजताना करमाफ मालही धरतात, म्हणून ‘साडीवर तिथे कर नाही’ एवढ्यावर थांबू नका. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिनेसोटात कपडे करमुक्त आहेत, टेक्सस आणि कॅलिफोर्नियात नाहीत. कस्टम ड्यूटी हा निराळा विषय, तो याच्याशी जोडू नका.

दुकानांना घाऊक देताना प्रत्येकाकडून रीसेल सर्टिफिकेट, म्हणजे माल पुन्हा विकण्यासाठी घेतल्याचा दाखला, भरून घ्या, माल पाठवण्याआधी. त्यावर दुकानाचा नोंदणी क्रमांक आणि सही आहे ना, तेवढं तपासा आणि बिलाला जोडून ठेवा.