लाँगबोसाठी ब्रॉडहेड: पैसा कुठे घालायचा

अमेरिकेत 45-50 पौंड ओढीच्या लाँगबो किंवा रिकर्व्हने (कप्प्या नसलेल्या पारंपरिक धनुष्यांनी) व्हाइटटेल हरणाची शिकार करणार असाल, तर दोन पात्यांचं, टेकताच कापणारं स्थिर ब्रॉडहेड, म्हणजे बाणाचं शिकारीचं धारदार टोक, घ्या. आदळल्यावर पाती उघडणारं मेकॅनिकल टोक नको, पाती उघडण्यातच जोर खर्च होतो, आणि या धनुष्यांत तो मुळातच कमी.

महागड्या टोकात पैसा जातो तो मुख्यतः कडक पोलादाचा: हाडावर आदळूनही टोक वाकत नाही. पण त्याला हिऱ्याचा दगड लागतो. झ्विकी या स्वस्त ब्रँडच्या टोकाचं पोलाद मऊ, साध्या कानशीनेही धार लागते. हरणाला तेवढं पुरतं. बोथट महागड्यापेक्षा धारदार स्वस्त केव्हाही बरं!

धार लावताना पात्याच्या धारेलगतच्या उतारावर मार्करची शाई फासा. कडेशी शाई राहिली तर कोन चुकतोय. शेवटी चामड्यावर ओढा. हातावरचे केस सहज निघाले पाहिजेत.

वजन सरावाच्या टोकाइतकंच ठेवा. 125 ऐवजी 175 ग्रेनचं (ग्रेन हे बाणाच्या टोकाच्या वजनाचं छोटं एकक) टोक लावलंत तर बाण जास्त लवतो, उजव्या हाताने ओढणाऱ्याचा उजवीकडे जातो. बसवल्यावर बाण फिरवून बघा. गोंदाने बसवलेलं टोक डगमगलं तर गोंद तापवून पुन्हा बसवा. अनेक राज्यांत ब्रॉडहेडची किमान रुंदी 7/8 इंच लागते, खरेदीआधी आपल्या राज्याचा नियम वाचा.