छायाचित्रे छापता येत असताना जाहिरातीसाठी चित्रकार कशाला नेमत?

मासिकांत छायाचित्रे छापता येऊ लागली होती, तरीही १९०५ च्या सुमारास कंपन्या जाहिरातींसाठी चित्रकारांवर पैसा का खर्च करीत, असे आपण विचारले आहे. अमेरिकेतील जे. सी. लायेंडेकर या चित्रकाराचे काम मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. त्याने ‘ॲरो’ कॉलरसाठी रंगवलेल्या जाहिराती पाहिल्या की या प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो.

आधी विकायची वस्तू काय होती ते पाहू. त्या काळी पुरुषांच्या शर्टाची कॉलर सुटी मिळत असे. खळ घालून पुठ्ठ्यासारखी ताठ केलेली ही पट्टी बटणांनी शर्टाला जोडायची आणि मळली की अख्खा शर्ट न धुता तेवढी कॉलर बदलायची. न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय हे शहर या धंद्याचे माहेरघर होते आणि तिथल्या क्लुएट, पीबडी अँड कंपनीने १९०५ मध्ये लायेंडेकरला हे काम दिले. अशा कॉलरचे छायाचित्र काढले तर दिसणार काय? एक पांढरी पट्टी. प्रतिस्पर्ध्याची पट्टीही हुबेहूब तशीच.

लायेंडेकरने म्हणून कॉलर घालणारा माणूस रंगवला: रुंद खांद्यांचा, रेखीव जबड्याचा, परीटघडीच्या कपड्यांतही अवघडून न गेलेला आणि बहुधा ग्राहकाकडे ढुंकूनही न पाहणारा. या चित्रांसाठी त्याचा आयुष्यभराचा जोडीदार चार्ल्स बीच अनेकदा समोर बसे, पण चित्रातला पुरुष म्हणजे बीच नव्हे. छायाचित्रात कोणीतरी एक विशिष्ट इसम आला असता. इथे कोणीच नव्हता, त्यामुळे पाहणाऱ्याला त्या जागी स्वतःला किंवा आपल्या मनातल्या माणसाला बसवता येई. या अस्तित्वात नसलेल्या गृहस्थाला कंपनीच्या पत्त्यावर स्त्रियांची पत्रे येत आणि त्यांत लग्नाच्या मागण्याही असत!

कामाची पद्धत मात्र अगदी काटेकोर होती. छायाचित्रावरून रंगवण्यापेक्षा तो जिवंत मॉडेल पसंत करी. एकाच कॅनव्हासवर कुठे हात, कुठे बाहीची चुणी, कुठे नुसता चेहरा असे अभ्यास तो तैलरंगात करी, त्यांतले निवडून त्यांवर चौकटी आखी आणि मग ते मोठ्या कॅनव्हासवर उतरवी. त्याचे रुंद, तिरपे, समांतर फटकारे, आणि त्यांच्यामधून कुठे कुठे उघडा राहिलेला कॅनव्हास पाहून काम घाईत उरकले असावे असे वाटते, पण तो भ्रम आहे. मी एकदा त्याच्या एका चित्रातील केवळ गळ्याचा भाग नक्कल करायला घेतला होता. कॉलरसाठी पांढऱ्या रंगाची नवी ट्यूब फोडली, आणि प्रत्यक्षात लागले ते करडे, फिकट निळे आणि हनुवटीच्या सावलीतले पिवळसर रंग; निव्वळ पांढऱ्याचे दोन-तीन फटकारेच काय ते शेवटी, वरच्या कडेला आले. पण तेवढ्यावरच ती पट्टी कडक इस्त्रीची दिसू लागली. हे काम त्या काळच्या कॅमेऱ्याकडून करून घेणे अवघडच होते.

‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ साप्ताहिकासाठी त्याने ३०० हून अधिक मुखपृष्ठे केली आणि लोक त्याला मुख्यतः त्यांवरून ओळखतात. मला स्वतःला ती पुष्कळदा जरा जास्त बोलकी वाटतात; कॉलरच्या जाहिरातींतला संयम त्यांत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर, लष्करात मऊ कॉलरची सवय झालेले तरुण घरी परतले आणि ताठ कॉलरची मागणी ओसरली. कंपनी कॉलर जोडलेल्या शर्टांकडे वळली. आज आपल्याकडच्या दुकानांत दिसणारे ‘ॲरो’ हे नाव तेच. लायेंडेकरचे तिच्यासाठीचे काम १९३० च्या सुमारास थांबले, आणि पुढच्या दशकात मासिकांच्या जाहिरातींत छायाचित्रांचे प्रमाण झपाट्याने वाढत गेले.