आईच्या रिपोर्टमधली ‘फीटल’ धमनी

प्रश्न : आई ६८ वर्षांची. महिनाभर चक्कर येत होती म्हणून डोक्याचा एमआरआय आणि अँजिओ काढला. ‘उजवी पोस्टेरिअर सेरेब्रल आर्टरी फीटल ओरिजिनची’ असं लिहिलंय, बाकी सगळं नॉर्मल. गर्भातलं काहीतरी तसंच राहिलंय म्हणे. आईनं धसका घेतलाय, जेवणही तुटलंय. ऑपरेशन लागेल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, यासाठी ऑपरेशन नसतं. आधी आईला एवढं सांगून या, मग पुढचं वाचा.

मी एकतीस वर्षं मेडिकलच्या मुलांना अ‍ॅनाटॉमी शिकवली. मेंदू ट्रेमध्ये उलटा ठेवला की तळाशी धमन्यांचं कडं दिसतं, ‘सर्कल ऑफ विलिस’. थॉमस विलिस यांनी १६६४ साली त्याचं वर्णन छापलं. पुस्तकातलं कडं रेखीव असतं, टेबलावरचं क्वचितच. दर वर्षी कुठल्यातरी टेबलावरून हाक यायचीच, “मॅडम, आमच्या मेंदूत चूक आहे!” जाऊन बघावं, तर एका बाजूची मागची जोडधमनी, पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणारी, जी एरवी चिमट्यानं जपून उचलावी लागते इतकी बारीक, ती आगकाडीएवढी जाड, आणि मानेमागून येणारा फाटा मात्र दोऱ्यासारखा. तुमच्या आईचं हेच आहे. रिपोर्टमधली ‘पोस्टेरिअर सेरेब्रल आर्टरी’ म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणारी धमनी.

असं का होतं? पाचव्या आठवड्यात गर्भ जेमतेम अर्धा सेंटिमीटरचा असतो. तेव्हा मेंदूला रक्त मुख्यतः पुढून, गळ्यातल्या कॅरोटिड धमनीतून मिळतं. मागे दोन नाजूक धमन्या शेजारी शेजारी धावत असतात, त्या जुळून एक धमनी होते, बॅसिलर. पुढे मानेतल्या व्हर्टिब्रल धमन्या तिला येऊन मिळतात आणि मेंदूच्या मागच्या भागाला पाणी पाजायचं काम हा नवा पाट घेतो. जुना पाट, म्हणजे ती मागची जोडधमनी, आक्रसतो. काहींचा आक्रसत नाही, दहांत एक ते तीन जणांचा. हा सगळा प्रवास डॉर्कस पॅजेट यांनी गर्भांच्या छेदांवरून टप्प्याटप्प्यानं मांडला, १९४८ मध्ये. त्या मुळात वैद्यकीय चित्रकार. त्यांची चित्रं फळ्यावर काढताना मला दर वेळी भरून यायचं.

म्हणजे आईच्या मेंदूच्या उजव्या मागच्या भागाला रक्त भरपूर मिळतंय, फक्त पुढच्या वाटेनं. चक्करेचं खापर या धमनीवर फोडू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, पुष्कळदा कारण कानात सापडतं.

एक मात्र लक्षात असू द्या. उजवी कॅरोटिड कधी तुंबली, तर आईच्या बाबतीत मागच्या भागालाही झळ बसू शकते, आणि दोन्ही डोळ्यांना डावीकडचं दिसेनासं होऊ शकतं. म्हणून बीपी, साखर सांभाळा. तोंड वाकडं होणं, हात गळणं, बोबडी वळणं किंवा अचानक एका बाजूचं न दिसणं, यातलं काहीही झालं तर घरी वाट न बघता थेट मोठं हॉस्पिटल गाठा. रिपोर्ट आणि सीडी फाईलमध्ये वरच ठेवा, डॉक्टरांना प्रश्न विचारायच्या आत हातात देता आली पाहिजे.