आमचा छोटा कुत्रा रात्री काहीच नसताना गुरगुरतो. त्याला नक्की काय दिसतं?

तुम्ही लिहिलंय की मालवणजवळच्या गावच्या घरी राहायला आल्यापासून तुमचा पॉमेरियन रात्री रिकाम्या कोपऱ्याकडे, नाहीतर आढ्याकडे बघत गुरगुरतो. शेजारच्या काकी म्हणाल्या, "कुत्र्याक दिसता ता माणसाक दिसणा नाय." काकींशी वाद घालू नका, निम्मं बरोबर आहे त्यांचं. पण त्याला दिसत असेल त्यापेक्षा ऐकू जास्त येत असणार, आणि वास तर नक्कीच येत असणार.

माझं घर देवगड तालुक्यात, कौलारू, मागे आंबा-काजू. घरात एखादं छोटं कुत्रं कायम असतंच, त्यामुळे हे गुरगुरणं रोजच्या परिचयाचं आहे.

माणसाला फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, तोही कान तरुण असतील तर. कुत्र्याला साधारण ४५,००० पर्यंत. उंदरांचं आपसातलं बोलणं काही अंशी याच मधल्या पट्ट्यात चालतं. घाबरलेल्या उंदराचा आवाज २२,००० च्या आसपास असतो. म्हणजे माळ्यावर उंदरांची जुंपलेली असेल तरी तुम्हाला घर शांतच वाटणार. कौलारू घरात पाहुण्यांना तोटा नसतो. कौलांखाली पाली, मोरीच्या भोकातून येऊन भिंतीच्या कडेकडेने पळणारी चिचुंद्री, आणि सगळ्यांत मोठा मानकरी कांडेचोर, म्हणजे पुस्तकातलं उदमांजर. दिवसभर माळ्यावर किंवा माडाच्या शेंड्यात झोपायचं आणि काळोख पडला की बाहेर पडायचं, हा त्याचा दिनक्रम. कुत्रा ठरावीक वेळेलाच आढ्याकडे बघत असेल, तर दिवसा शिडी लावून माळा बघा. जांभळाच्या नाहीतर भेरलीमाडाच्या अख्ख्या बियांनी भरलेली विष्ठा पडलेली दिसली की तुमचं भूत सापडलं. त्याला पकडू-मारू नका, कायद्याने संरक्षण आहे. तो बाहेर गेला की फट बुजवा, पण आधी आत पिल्लं नाहीत ना ते बघून.

आमच्या वाडीत एकांचा कुत्रा फ्रिजमागच्या भिंतीवर भुंकायचा. शेवटी कळलं, मागच्या प्लगात उंदीर पळवायचं ते आवाजाचं यंत्र खोचलेलं होतं. माणसांना त्यातून चकार शब्द ऐकू येत नव्हता आणि कुत्र्याच्या कानाशी चोवीस तास शिट्टी. यंत्र काढलं तशी भुंकणं थांबलं. उंदीर होते तिथेच राहिले. तुमच्याकडेही असलं काही आहे का, बघा.

आता नाकाचं. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो, ते कुत्र्याकडे बघताना उपयोगी पडतात. दिवसा वारा समुद्रावरून येतो, तेव्हा आमचा कुत्रा पुढच्या अंगणात नाक वर करून बसलेला असतो. रात्री वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो, आणि सड्यावरचा (म्हणजे कातळाच्या माळावरचा), बागेतला, डोंगरातला सगळा वास घेऊन मागीलदारी येतो. रानडुक्कर, कोल्हा, साळिंदर, कोण कुठून गेलं त्याची खबर दाराच्या फटीतून आत येते. फटीला नाक लावून गुरगुरणाऱ्या कुत्र्याचं 'काहीच नाही' कदाचित पलीकडच्या बागेत असतं.

मग लहान कुत्रीच जास्त का? एक तर जात. आपण ज्यांना पॉमेरियन म्हणतो ते बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात, आणि स्पिट्झ हा मुळातच सावध, आवाज करून सांगणारा कुत्रा. डॅशहुंड आणि टेरिअर तर बिळातल्या जनावरामागे सोडण्यासाठीच तयार केलेले. खुडबुड ऐकून ते गप्प बसावेत ही अपेक्षाच चुकीची. दुसरं, वीतभर उंचीच्या जिवाला जरा काही हललं की धोका मोठा वाटतो. तिसरं कारण आपण स्वतः. अल्सेशियन गुरगुरला की सगळे दचकतात, पॉमेरियन गुरगुरला की त्याला उचलून पापे घेतात. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठाने २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात जास्त धरसोड करतात असं आढळलं होतं. आज ओरडायचं, उद्या बिस्किट द्यायचं. कुत्र्याने त्यातून काय बोध घ्यायचा?

ओरडून उपयोग नाही. तुम्ही "गप्प!" म्हणून खेकसता तेव्हा त्याला वाटतं, मालकही भुंकायला लागले. एकदा उठा, त्याच्याबरोबर जाऊन बघा, हळू आवाजात हाक मारून लांब बोलवा, आला की खाऊ द्या. गुरगुरल्याबद्दल मारू तर अजिबात नका. मार खाऊन कुत्रा गुरगुरणं सोडतो आणि पुढे थेट चावतो.

दोन गोष्टी मात्र हसण्यावारी नेऊ नका. नारळाच्या सोडणांचा ढीग, लाकडांची रास, रचून ठेवलेले चिरे यांच्याकडे तोंड करून तो पुढे-मागे होत गुरगुरत असेल, तर हात घालू नका. फुरसं हा विषारी साप अशाच जागी असतो. तो अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा खरखर आवाज करतो, तो आवाज कुत्र्याला आपल्या आधी ऐकू जातो. कुत्र्याला आधी मागे घ्या आणि सर्पमित्राला बोलवा. दुसरी गोष्ट बिबट्या, आमच्या भाषेत वाघ. एरवी गाव डोक्यावर घेणारा कुत्रा एकाएकी आवाज खाली घेऊन, शेपूट पायांत घालून घरात घुसायला बघत असेल, तर त्याला आत घ्या, दार लावा, बाहेरचा दिवा लावा. बॅटरी घेऊन बघायला जाऊ नका. लहान कुत्र्याला रात्री पडवीत बांधून ठेवणं म्हणजे बिबट्याला ताट वाढून ठेवणं.

आता प्रश्न उरतो तो खरोखरच काही नसण्याचा. मी कान आणि नाक बघतो. कान हलतायत, मान तिरकी होतेय, तर आवाज. नाकपुड्या चालू आहेत, तर वास. दोन्ही स्थिर, आणि तो भिंतीकडे टक लावून उभा, हाक मारली तरी वळत नाही, असं असेल तर डॉक्टर. म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांसारखाच विसरभोळेपणा येतो, दिवस-रात्र कळेनाशी होते. मोतीबिंदू असेल तर सावलीवरही भुंकतात. हवेत नसलेली माशी पकडल्यासारखं तोंड मारणं हा कधीकधी फेफऱ्याचा प्रकार असतो. पावसाळ्यात आमच्याकडच्या दमट हवेत कानात बुरशी होते. तो डोकं झटकत असेल, कानाला वास येत असेल, हात लावताच गुरगुरत असेल, तर दुखणं तिथे आहे. स्वभाव एकदम पालटला, आवाज घोगरा झाला, लाळ गळायला लागली, तर त्याला हात न लावता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. रेबीजची लस दरवर्षी दिलेली असू द्या.

डॉक्टरकडे नेण्याआधी मोबाइलवर त्या गुरगुरण्याचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्याच्या टेबलावर ठेवलं की ही मंडळी अशी शहाण्यासारखी बसतात की डॉक्टर तुमच्याकडेच संशयाने बघायला लागतात.