'परत पुनरागमन' आणि पैलवान

प्रश्न आलाय की गोल्डबर्ग, बटिस्टा असल्या WWE च्या, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन शो-कुस्तीच्या, पैलवानांचं कमबॅक फसलं तर 'पुनरागमन अयशस्वी झालं' म्हणायचं की 'पुनरागमन झालंच नाही'. अहो, माणूस रिंगमध्ये आला म्हणजे आगमन झालं, नंतर माती खाल्ली तर पुनरागमन फसलं, विषय संपला. डोकं फिरतं ते 'परत पुनरागमन' ऐकून! पुनर् म्हणजेच परत ना? फक्त अंडरटेकरला माफ, तो 2017 च्या रेसलमेनियात (WWE चा वर्षातला सगळ्यात मोठा शो) निवृत्तीची खूण म्हणून ग्लोव्हज, कोट, हॅट रिंगमध्ये ठेवून गेला आणि पुढच्याच रेसलमेनियाला हजर.

खरी मजा प्रश्नातल्या 'पैलवान'मध्ये आहे. तो 'बलवान'चा अपभ्रंश म्हणून ठोकून देणाऱ्यांनी जरा दम खावा. शब्द फारसी, पहलवान, आणि मुळाशी पार्थव, म्हणजे प्राचीन इराणातले पार्थियन लोक. आपल्याकडे तेच पह्लव, नाशिकच्या पांडवलेणीतल्या शिलालेखात गौतमीपुत्र सातकर्णीला शक-यवन-पह्लवांचा संहारक म्हटलंय ना, तेच हे! आणि हे पार्थियन घोडेस्वार पळून जातोय असं भासवायचे आणि भरधाव घोड्यावरून मागे वळून बाण सोडायचे, इसवीसनपूर्व 53 मध्ये सेनापती क्रॅससच्या रोमन फौजेची त्यांनी वाट लावली. म्हणून माझं ठाम मत, कमबॅक पैलवान या शब्दाच्या रक्तातच आहे. ओढाताण वाटते? वाटू दे, 'पैलवान म्हणजे कुस्तीगीर' एवढं लिहून हात झटकणाऱ्या पंडितांपेक्षा बरी.

आता वळून मारलेला बाण लागायला पण हवा. गोल्डबर्गचा 2016 ला लागला, ब्रॉक लेस्नर 86 सेकंदात गार. मग 2019 ला जेद्दात अंडरटेकरसमोर स्वतःचंच डोकं कोपऱ्यातल्या खांबावर आपटून घेतलं, रक्त काय, गरगरणं काय, नंतर जॅकहॅमर (उचलून आपटायचा त्याचा ठेवणीतला डाव) मारताना समोरच्याची मान मोडता मोडता राहिली, बघवत नव्हतं. शॉन मायकल्स 2010 ला रिटायर झालेला, 2018 ला रियाधमध्ये उतरला, त्यात पार्टनर ट्रिपल एचचा छातीचा स्नायू फाटला, मॅच जिंकले तरी फॅन्स हळहळलेच.

बटिस्टाचं प्रकरण मात्र या रांगेत बसवू नका. 2014 ला आल्या आल्या रॉयल रंबल (तीस पैलवानांची मोठी मॅच) जिंकला, पण पब्लिकला त्यांचा लाडका पैलवान डॅनियल ब्रायन हवा होता म्हणून हुर्यो उडवली आणि जूनमध्ये हा निघूनही गेला. यात बटिस्टाचं काय चुकलं, चूक बुकिंग करणाऱ्यांची, म्हणजे कोण जिंकणार हे आधीच ठरवणाऱ्यांची.