बुरशीच्या फ्लास्कमधून यकृताकडे पाहताना

अनेक आशीर्वाद.

तुझा आराखडा दोनदा वाचला. सस्तन प्राण्यांच्या शरीरात औषधाचे काय होते, हे कनिंगहॅमेला एलेगन्स या बुरशीच्या मदतीने शोधण्याची तुझी इच्छा मला मनापासून आवडली. मात्र ‘ही बुरशी म्हणजे छोटे यकृतच’ हे पहिल्याच पानावरचे वाक्य खोडून टाक, कारण नेमके तेच तुला तपासायचे आहे.

सूक्ष्मजीवांना सस्तन चयापचयाचे प्रतिमान मानण्याची कल्पना अमेरिकेत स्मिथ आणि रोझाझा यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यावर मांडली. यकृतात अनेक औषधांवर सर्वांत आधी काम करणारी सायटोक्रोम पी-४५० विकरे बुरशीतही असतात, हा तिचा आधार. ही विकरे ऑक्सिजनचा एक अणू औषधाच्या रेणूत घालतात, दुसऱ्याचे पाणी होते, आणि रेणू सहसा पाण्यात अधिक विरघळू लागतो. फ्लुर्बिप्रोफेन हे वेदनाशामक घे. माणसात त्याचे मुख्यतः ४'-हायड्रॉक्सिफ्लुर्बिप्रोफेन होते. डब्लिनमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात कनिंगहॅमेलाच्या संवर्धनातही हाच पदार्थ प्रमुख निघाला. शिवाय माणसाच्या रक्तातून वा लघवीतून जो चयापचयज (औषधात बदल होऊन शरीरात तयार झालेला पदार्थ) मोठ्या कष्टाने आणि अत्यल्प मिळतो, तो काही फ्लास्कमधून मिलिग्रॅमच्या हिशेबात वेगळा करता येतो आणि एनएमआरने (अणूंच्या चुंबकीय प्रतिसादावरून रेणूची मांडणी ओळखण्याच्या तंत्राने) त्याची रचना ठरवता येते. माझ्या मते बुरशीचे खरे मोल यात आहे.

आता दुसरी बाजू. आपल्या अधिवृक्क ग्रंथीतील विकर स्टेरॉइडच्या अकराव्या कार्बनवर हायड्रॉक्सिल (OH) गट बसवते तो बीटा बाजूने, म्हणजे रेणूच्या वरच्या अंगाने. अपजॉन कंपनीतील पीटरसन आणि मरे यांनी १९५२ मध्ये दाखवले, की ऱ्हायझोपस बुरशी प्रोजेस्टेरॉनच्या त्याच कार्बनवर तो गट अल्फा, म्हणजे खालच्या बाजूने बसवते. कॉर्टिझोनच्या उत्पादनासाठी ते वरदान ठरले, पण प्रतिमान म्हणून पाहिले तर कार्बन तोच आणि बाजू उलटी. वस्तुमान-वर्णपटात (रेणूंचे वस्तुमान दाखवणाऱ्या नोंदीत) हे दोन्ही पदार्थ सारख्याच वस्तुमानाचे दिसतील. म्हणून केवळ वस्तुमान जुळले एवढ्यावर ‘मानवी चयापचयज मिळाला’ असे कधीही लिहू नकोस. प्रमाण नमुना (ओळख पटलेला शुद्ध पदार्थ) शेजारी ठेवून धारणकाळ (क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून बाहेर पडायला लागणारा वेळ) ताड, रचना ठरव, आणि किरल केंद्र (ज्याच्यामुळे रेणूची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपे होतात तो अणू) असेल तर तेही तपास.

प्रयोग दोन टप्प्यांत कर. पहिल्या संवर्धनात ७२ तासांनी कापसाच्या बोंडांसारख्या पांढरट गोळ्या द्रवात फिरताना दिसतील. त्यांतला सुमारे दहावा हिस्सा ताज्या माध्यमात घाल, एक दिवस वाढू दे आणि मगच औषध दे. गोळ्या फार मोठ्या झाल्या तर आतल्या तंतूंना ऑक्सिजन पुरत नाही, आणि या विकरांचे तर सारे काम ऑक्सिजनवर चालते. त्यामुळे शेकरच्या वेगाकडे रोज लक्ष ठेव.

सोबत औषधाविना बुरशी आणि बुरशीविना औषध असे दोन नियंत्रण-फ्लास्क हवेतच. विद्यार्थिदशेत मी दुसरा फ्लास्क अनावश्यक समजून वगळला होता. तीन महिने क्रोमॅटोग्रामवरच्या (वेगळे केलेले घटक दाखवणाऱ्या आलेखावरच्या) ज्या शिखराचा पाठलाग केला, ते माध्यमात आपोआप विघटित झालेले औषध निघाले. त्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत.

शिखर खरे निघाले, तर १-अमिनोबेन्झोट्रायाझोल हा पी-४५० रोधक घालून प्रयोग पुन्हा कर. उत्पादन घटले, तर या विकरांकडे बोट दाखवायला तुला आधार मिळेल. मानवातले कोणते विकर जबाबदार आहे, हे मात्र त्यावरून कळणार नाही. त्यासाठी मानवी यकृताचे मायक्रोसोम (यकृतपेशींतून वेगळे केलेले, ही विकरे असलेले पटलांचे सूक्ष्म तुकडे) लागतील, आणि त्यांची तरतूद आराखड्यात आताच कर.

बुरशीचा संवर्ध पुण्याच्या एनसीआयएमसारख्या सूक्ष्मजीवांच्या मान्य संग्रहातून घे आणि त्याचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिही. पुढच्या पत्रासोबत दोन्ही नियंत्रणांचे क्रोमॅटोग्राम पाठव. औषध दिलेल्या फ्लास्कचा आपण त्यानंतर पाहू.